पेरूची सहल कशी आखावी: माचू पिच्चूच्या तिकिटापासून उलट मोजणी

पेरूला जायचे ठरले की बहुतेक जण आधी विमानाचे तिकीट शोधू लागतात, आणि नियोजनातली पहिली चूक तिथेच होते. विमानाची तिकिटे उशिरा काढली तर महाग पडतात, पण मिळतात. माचू पिच्चू या इंका लोकांच्या डोंगरावरच्या प्राचीन नगरीतला हवा तो मार्ग आणि हवी ती वेळ मात्र एकदा विकली गेली की कितीही पैसे मोजले तरी हाती लागत नाही. दुसरी गोष्ट उंचीची. कुस्को हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे, आणि राजधानी लिमाहून विमानाने तिथे जायला सव्वा तास पुरतो. त्यामुळे या देशाची सहल ठिकाणांच्या यादीवरून न आखता या दोन गोष्टींवरून, म्हणजे एका तिकिटावरून आणि शरीराच्या सवयीवरून, आखावी लागते. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

महिना कोणता

अँडीज पर्वतात मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने असतात. आपल्याकडे छत्र्या बाहेर निघतात तेव्हा कुस्कोत आकाश निरभ्र असते, दुपारी ऊन चटके देते आणि जून-जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे दिवस, त्यातही जानेवारी आणि फेब्रुवारी सर्वांत वाईट. दरडी कोसळून रेल्वे बंद पडण्याचे प्रकार याच काळात अधिक घडतात.

शाळेच्या सुट्ट्या सांभाळून जाणाऱ्या कुटुंबांसाठी मे महिना माझ्या मते सर्वांत चांगला आहे, कारण पाऊस नुकताच संपलेला असतो, डोंगरउतारांवरची हिरवळ अजून टिकलेली असते आणि युरोप-अमेरिकेतील उन्हाळी सुट्टीची गर्दी अजून सुरू झालेली नसते. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी हा सूर्योत्सव असतो आणि २८ व २९ जुलैला पेरूचा राष्ट्रीय सण. दोन्ही वेळी खोल्यांचे भाव चढतात. दिवाळीच्या सुट्टीतही जाता येते, फक्त दुपारच्या सरी गृहीत धरून फिरण्याचे बेत सकाळी ठेवावेत. नाताळच्या सुट्टीसाठी मी हा देश सुचवणार नाही, मात्र ज्यांना लिमाचा समुद्रकिनारा उन्हात पाहायचा आहे त्यांना तेच दिवस बरे, कारण जून ते ऑक्टोबर लिमावर करड्या धुक्याचे झाकण बसलेले असते. त्या झिमझिमीला तिथले लोक गारुआ म्हणतात.

पासपोर्ट, व्हिसा आणि पिवळे पुस्तक

भारतीय पासपोर्टधारकाला पेरूचा व्हिसा लागतो. मात्र ज्याच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन क्षेत्रातील एखाद्या देशाचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा किंवा तिथल्या कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्याला २०१७ पासून पर्यटनासाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही. ही सवलत पासपोर्टवरच्या व्हिसावर किंवा कायम वास्तव्याच्या परवान्यावरच मिळते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अनेकांच्या पासपोर्टवरचा व्हिसा कधीच संपलेला असतो आणि हातात केवळ मुदतवाढीचा कागद असतो, तो इथे धरून चालू नये. बाकीच्यांनी दिल्लीतील पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करावा, आणि अर्जापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावरची कागदपत्रांची ताजी यादी पाहावी. माचू पिच्चूचे तिकीट ना-परतावा असल्यामुळे ज्यांना व्हिसा काढायचा आहे त्यांनी तो हाती आल्याशिवाय पुढचे पैसे गुंतवू नयेत. म्हणजे जून-जुलैला जायचे असेल तर व्हिसाचे काम जानेवारीतच सुरू झाले पाहिजे.

भारतातून पेरूला थेट विमान नाही. अ‍ॅम्स्टरडॅम किंवा पॅरिस येथे विमान बदलून जाणे सर्वांत सुटसुटीत. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे नसले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. युरोपातील काही देशही भारतीयांकडून विमानतळापुरता व्हिसा मागतात, म्हणून स्वस्त तिकीट दिसले की आधी विमान कुठे बदलते ते पाहावे.

यानंतर पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे, म्हणून आपले सरकार या बाबतीत कमालीचे कडक आहे. पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत पेरू आहे आणि नियम प्रदेश पाहत नाही, देश पाहतो. तुम्ही अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेला नसाल, केवळ लिमा आणि कुस्को पाहून परतत असाल, तरी पेरू सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरताना लसीचे प्रमाणपत्र, म्हणजेच ते पिवळे पुस्तक, नसेल तर विलगीकरणात राहावे लागू शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर यांच्या आरोग्य कार्यालयांत ती मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि कोणीही हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये, कारण केंद्रांवर तारीख मिळायला वेळ लागतो.

माचू पिच्चूचे तिकीट

आता मुख्य काम. तिकिटे पेरूच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या ‘तुबोलेतो’ या अधिकृत संकेतस्थळावर विकली जातात. दिवसाला साधारण ४,५०० लोकांना प्रवेश असतो आणि गर्दीच्या ठरावीक दिवसांत ही मर्यादा ५,६०० पर्यंत जाते. आकडा मोठा वाटतो, पण तो तासातासांत आणि मार्गामार्गांत विभागलेला असतो, त्यामुळे सकाळी सहा किंवा सातची चांगल्या मार्गाची तिकिटे हंगामात तीन-चार महिने आधीच संपतात.

जून २०२४ पासून तीन परिक्रमा आणि त्यांत मिळून दहा मार्ग अशी रचना आहे, आणि एका तिकिटावर एकच मार्ग चालता येतो. पहिली परिक्रमा वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवरून जाते. तिथून आपण सगळ्यांनी पाहिलेले ते नेहमीचे दृश्य दिसते, पण खालच्या वास्तूंमध्ये उतरता येत नाही. तिसरी परिक्रमा खालच्या भागातून, राजवाड्याच्या बाजूने फिरते आणि वायनापिच्चू या समोरच्या टोकदार शिखराची चढाईही तिच्यातच मोडते, मात्र तिच्यातून ते वरचे दृश्य तसे मिळत नाही. दुसरी परिक्रमा दोन्ही देते, म्हणजे वरून दर्शन आणि मग वस्तीच्या आतून चालणे. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर दुसरी घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती मिळाली नाही आणि वेळ असेल तर एका दिवशी पहिली आणि दुसऱ्या दिवशी तिसरी अशी दोन तिकिटे काढणारेही असतात.

परदेशी प्रौढासाठी साध्या मार्गाचे तिकीट १५२ सोल आणि शिखर जोडलेले तिकीट २०० सोल आहे. तिकिटावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक छापलेला असतो आणि दारावर मूळ पासपोर्ट मागतात. छायाप्रत चालत नाही. तिकीट काढल्यानंतर पासपोर्ट नवा करून घेतला तर जुना पासपोर्टही सोबत ठेवावा. आपल्या पासपोर्टवर नाव आणि आडनाव यांचे रकाने कसे भरले आहेत ते पाहून अर्जात नेमके तसेच लिहावे. वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असण्याची आपली पद्धत तिथल्या कर्मचाऱ्यांना माहीत नसते. एकदा बाहेर पडले की पुन्हा आत सोडत नाहीत, म्हणून स्वच्छतागृहात आधीच जाऊन यावे. ते प्रवेशद्वाराबाहेर आहे.

तिकीट हाती आल्यावरच रेल्वे. डोंगराच्या पायथ्याच्या आग्वास कालियेन्तेस या गावाला मोटाररस्ता नाही. कुस्कोजवळच्या खोऱ्यातल्या ओयांतायताम्बो या गावाहून पेरूरेल किंवा इंकारेल या कंपन्यांच्या रेल्वेगाडीने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. गाडीत लहान पिशवीच नेता येते, मोठी बॅग ओयांतायताम्बो किंवा कुस्कोच्या हॉटेलात ठेवून जायचे असते आणि हॉटेलवाले ती बहुधा विनाशुल्क सांभाळतात. गावातून वर जाणारी बस २५ ते ३० मिनिटांत प्रवेशद्वाराशी सोडते. आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करावा. कुस्कोहून पहाटे निघून त्याच रात्री परतण्याचा बेत कागदावर जमतो, पण गाडी तासभर उशिरा आली की प्रवेशाची वेळ हुकते. शिवाय संप आणि रेल्वेरोको या भागाला नवे नाहीत, म्हणून माचू पिच्चूच्या दिवसानंतर लगेच परतीचे विमान कधीही ठेवू नये.

चालत जायचे असेल, तर चार दिवसांच्या इंका वाटेसाठी दिवसाला ५०० जणांनाच परवानगी मिळते. त्यांत हमाल आणि वाटाडेही धरलेले असतात, आणि फेब्रुवारीत ही वाट दुरुस्तीसाठी बंद राहते. वाटेतली सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरच्या वर आहे. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याच्या पायांना हे चालणे जड जाणार नाही. जड जाईल ती हवा.

उंचीचा क्रम

पहिल्या खेपेला मी लिमाहून कुस्कोला उतरलो आणि थेट जुन्या शहरातल्या एका लहानशा घरगुती लॉजवर गेलो. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. हातात एकच बॅग होती, पण पहिल्या वळणावर मला जिन्यातच बसावे लागले; छातीत भाता चालल्यासारखा श्वास आणि कपाळात ठणका. मालकीणबाईंनी काही न बोलता कोकाच्या पानांचा गरम चहा आणून समोर ठेवला, त्यावरून हे दृश्य त्यांना रोजचे असावे असे दिसले. पुढचा दीड दिवस मी खोलीचे छत पाहण्यात घालवला.

हवेतले प्राणवायूचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते. हवेचा दाब मात्र समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोनतृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात फुप्फुसात कमी प्राणवायू येतो. शरीर याला जुळवून घेते, पण त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. म्हणून कुस्कोच्या विमानतळावरून शहरात न जाता टॅक्सीने दीड-दोन तासांत उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरावे. ‘पवित्र खोरे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातली उरुबांबा आणि ओयांतायताम्बो ही गावे २,८०० ते २,९०० मीटरवर आहेत. दोन रात्री तिथे, मग माचू पिच्चू, जे २,४३० मीटरवर म्हणजे कुस्कोपेक्षा खालीच आहे, आणि शरीर सरावल्यावर शेवटी कुस्को. ३,८०० मीटरवरचे टिटिकाका सरोवर त्याच्याही नंतर. पाच हजार मीटरवरचा विनिकुंका, ज्याला सगळे रंगीत डोंगर म्हणतात, तो पहिल्या चार दिवसांत कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणावे.

पहिल्या दिवशी हलके जेवण, भरपूर पाणी, दारू नाही आणि शक्यतो जिने नाहीत. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडे डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने आदल्या दिवसापासून घेता येते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोळीमुळे लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात आणि सोड्याची चव बेचव लागते. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. डोकेदुखी असेपर्यंत आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. प्रवासविमा घेताना त्यात किती मीटरपर्यंतच्या उंचीवरचा आजार धरला आहे ते वाचावे. बारीक अक्षरांत तिथेच कात्री लावलेली असते.

बारा दिवसांचा आराखडा

लिमाला रात्री पोहोचून दुसरा दिवस तिथेच काढावा: सकाळी लार्को संग्रहालय, दुपारी मिराफ्लोरेस भागातला कच्च्या विटांचा वाका पुक्याना हा पिरॅमिड आणि संध्याकाळी समुद्राकाठच्या कड्यावरून फेरफटका. भारताच्या तुलनेत घड्याळ साडेदहा तास मागे असते, तेव्हा या दिवशी डोळे मिटत असतातच. तिसऱ्या दिवशी कुस्कोमार्गे खोऱ्यात, चौथ्या दिवशी मोराय येथील गोलाकार उतरत्या पायऱ्यांची शेती आणि मारासची मिठागरे. डोंगरातून झिरपणारे खारे पाणी हजारो लहान वाफ्यांत आटवून मीठ काढण्याचे ते काम पेण-उरणकडची मिठागरे पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल, फक्त इथे समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पाचव्या दिवशी ओयांतायताम्बोचा किल्ला आणि संध्याकाळची रेल्वे, सहाव्या दिवशी माचू पिच्चू आणि रात्री कुस्को.

कुस्कोला दोन पूर्ण दिवस हवेत. मोराय, ओयांतायताम्बो, पिसाक, साक्सायवामान यांसह १६ ठिकाणांचे एकत्रित पर्यटक तिकीट १३० सोलना मिळते आणि दहा दिवस चालते, त्यामुळे ते मोरायलाच विकत घ्यावे, कुस्कोत पोहोचेपर्यंत थांबू नये. मारासची मिठागरे, कुस्कोचे कॅथेड्रल आणि कोरिकांचा यांची तिकिटे त्यात येत नाहीत. कोरिकांचा मात्र चुकवू नये: इंकांच्या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी मठ बांधला, आणि खालच्या काळ्या दगडांचे सांधे असे बसले आहेत की चुना नसूनही त्यांत नख शिरत नाही. उरलेल्या दिवसांत बसने पुनोला जाऊन टिटिकाकावरची उरोस आणि ताकिले बेटे पाहून जवळच्या हुलियाकाहून लिमाचे विमान पकडता येते. नाहीतर कुस्कोहून विमानाने पुएर्तो माल्दोनादोला जाऊन तीन दिवस जंगलात राहता येते. दोन्ही एका खेपेत कोंबू नये. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदली रात्र लिमातच काढावी, कारण डोंगरातली विमाने हवामानामुळे वरचेवर लांबतात.

पैसे

चलन सोल; एक सोल म्हणजे साधारण २५ रुपये. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही, म्हणून डॉलर किंवा डॉलरचे फॉरेक्स कार्ड न्यावे. डॉलरची नोट जरा फाटलेली, शाई लागलेली असली तरी नाकारतात. एटीएमवर बहुतेक बँका दर वेळी शुल्क कापतात, तेव्हा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावे, आणि कार्ड यंत्राने डॉलर की सोल असे विचारले तर सोल निवडावे. परदेशी पर्यटकाला राहण्याच्या बिलावर १८ टक्के कर माफ असतो, पण त्यासाठी हॉटेलात पासपोर्ट दाखवावा लागतो; बिलात तो कर लागला आहे का ते निघण्यापूर्वी पाहावे. टॅक्सीला मीटर नसतो, भाडे बसण्याआधी ठरवावे किंवा अ‍ॅपवरून गाडी बोलवावी. लिमात टॅक्सीच्या खिडकीशी किंवा फुटपाथच्या कडेला मोबाइल हातात धरून उभे राहू नये.

शाकाहाऱ्यांचे काय

‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगितले की कोंबडी येते, कारण कार्ने म्हणजे तिथल्या कानाला तांबडे मांस. पूर्ण वाक्य पाठ करावे: ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो’, म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे काही खात नाही. सूपचे पाणी बहुधा कोंबडीचे असते, तेव्हा काटेकोर शाकाहाऱ्याने ‘काल्दो’ कशाचा आहे ते विचारावे. किनवाचे सूप, मोठ्या दाण्यांचे उकडलेले मक्याचे कणीस आणि चीज, बटाट्यावर पिवळ्या मिरचीची दाट चटणी घातलेले पापा आ ला वांकाइना, ज्यावर अंडे असते, आणि डाळ-भात परतून केलेले ताकू ताकू हे सहज मिळते. कंटाळा आला की चीफा, म्हणजे तिथली चिनी खानावळ. मांसाहाऱ्यांना अर्थातच लिंबात मुरवलेल्या माशाचे सेविचे आहे. दुपारी लहान हॉटेलांत ‘मेनू’ या नावाने सूप, मुख्य पदार्थ आणि पेय असे ठरलेले जेवण १५-२० सोलमध्ये मिळते, तेच घ्यावे.

कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात एका टोपलीत पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या पांढुरक्या वड्या दिसल्या. तोंडात टाकली तर राजगिऱ्याची चिक्की. तिथे त्याला किविचा म्हणतात आणि ते धान्य राजगिऱ्याच्याच कुळातले आहे. आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद हे सगळे मुळात याच खंडातून आले, तेव्हा एकादशी करणाऱ्याची पेरूत उपासमार होणार नाही.

नळाचे पाणी पिऊ नये. शौचालयातला कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकावा. वीज २२० व्होल्टची असते आणि आपली दोन गोल पिनांची प्लग बहुधा बसते, तीन पिनांची नाही. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे. अडचण आलीच तर लिमात भारतीय दूतावास आहे. त्याचा क्रमांक मोबाइलबरोबर कागदावरही लिहून ठेवावा.

परतीची बॅग भरताना कोकाची पाने आणि कोकाच्या चहाच्या पुड्या हॉटेलातच सोडाव्यात. पेरूत त्या किराणा दुकानात मिळत असल्या तरी भारतात कोकाचे पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. पीतज्वराचे पिवळे पुस्तक मात्र हातातल्या पिशवीत, पासपोर्टच्या शेजारी ठेवावे, कारण मुंबईला उतरल्यावर आरोग्य तपासणीचे टेबल इमिग्रेशनच्या आधी लागते आणि मोठी बॅग त्याच्या पलीकडे, पट्ट्यावर फिरत असते.